मदत हवी आहे: अ‍ॅनिमोमीटरचं रीडिंग दोघांचं वेगळं, खरं कोणतं धरायचं?

नमस्कार मंडळी,

चंद्रपूरकडच्या एका भूमिगत कोळसा खाणीत ओव्हरमन (पाळीवर देखरेख करणारा अधिकारी) आहे. चार महिन्यांपासून हवा मोजायचं काम माझ्याकडे आलंय.

आमच्या डिस्ट्रिक्टच्या (खाणीतल्या आमच्या विभागाच्या) शेवटच्या कनेक्शनला, म्हणजे हवा जाण्याच्या शेवटच्या जोडवाटेला, गॅलरी (बोगदा) ४.२ मीटर रुंद, २.४ मीटर उंच, म्हणजे धरा १० चौरस मीटर. परवा व्हेन अ‍ॅनिमोमीटर (हवेचा वेग मोजणारं पात्यांचं यंत्र) एकेक मिनिट फिरवून तीनदा मोजलं: ५३, ५४, ५५ मीटर. म्हणजे मिनिटाला ५४० घनमीटर. दुसऱ्या दिवशी त्याच चुन्याच्या खुणेवर, त्याच यंत्राने आमच्या सीनियर साहेबांनी घेतलं तर ४५ मीटर, म्हणजे ४५० घनमीटर. पंख्याचा वॉटर गेज (हवेचा दाब दाखवणारा) दोन्ही दिवशी सारखा, दारं बंद, वाटेत एकही टब (कोळशाचा डबा) उभा नाही.

फरक छोटा नाही. २०१७ च्या कोल माइन्स रेग्युलेशन्सप्रमाणे तिथून मिनिटाला माणशी ६ घनमीटर किंवा रोजच्या टनामागे २.५ घनमीटर, यातलं जे जास्त ते गेलं पाहिजे. मोठ्या पाळीत ६० माणसं, त्यांचे ३६०. पण कोळसा रोज २०० टन निघतो, म्हणून ५०० लागतात. माझ्या रीडिंगने पास, साहेबांच्या रीडिंगने नापास. आणि फेसवरची (जिथे कोळसा काढतात तिथली) पोरं आठवडाभर सांगतायत की अंगावरचा घाम सुकत नाही.

मी कडेला उभा राहून, दीड मीटरच्या दांडीवर यंत्र लावून, छतापासून जमिनीपर्यंत नागमोडी फिरवतो. साहेब मध्ये उभे राहून हात छातीसमोर ठेवून फिरवतात. मला वाटतं, त्यांच्या अंगाला अडून हवा बाजूने निघून जाते आणि पाती मंदावतात. पण माझंही अंग गॅलरीतली जागा अडवतंच ना? क्षेत्रफळातून ०.४ वजा केले तर ५१८ येतात, म्हणजे काठावर. शिवाय इतक्या कमी वेगाला कॅलिब्रेशन चार्टची (यंत्राची चूक भरून काढायच्या तक्त्याची) दुरुस्ती किती विश्वासाची?

दुसरं, तिथे छताखाली मधोमध लावलेला सेन्सर सेकंदाला १.१ मीटर दाखवतो, माझी सरासरी ०.९. सेन्सरच्या आकड्याला ०.८२ ने गुणून रोजची नजर ठेवली तर चालेल, की पंख्याचा वेग बदलला की हा गुणक पुन्हा काढावा लागेल?

ज्यांनी हे काम वर्षानुवर्षं केलंय त्यांनी कृपया आपली पद्धत पायरीपायरीने सांगा. सोमवारी पहिल्या पाळीत पुन्हा मोजणार आहे. तोवर नोंदवहीत ४५० च लिहिलेत आणि मॅनेजर साहेबांच्या कानावर घातलंय.