अमेरिकेत कामामुळे कसे रुळलात? अनुभव लिहा

परवा लेकीला आईस्क्रीमच्या दुकानात समर जॉब लागला, पहिला पेचेक घेऊन नाचत घरी आली आणि मला माझी एच-४ ची, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर बायको म्हणून राहण्याची वर्षं आठवली. पुण्यातली चांगली अकाउंट्सची नोकरी सोडून न्यूजर्सीला आले तर इथे काम करायची परवानगीच नाही, सोशल सिक्युरिटी नंबर पण नाही. नवरा ऑफिसात, बाहेर बर्फ. लायब्ररीत फुकट पुस्तकं लावायला जायला लागले, तिथे बोलायची भीड चेपली. मे २०१५ मधे एच-४ वाल्यांना ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना द्यायचा नियम आला, आमचं आय-१४० (नवऱ्याच्या कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) मंजूर झालेलं होतं म्हणून मला मिळालं, आणि पहिल्या नोकरीला रेफरन्स लायब्ररीतल्या बाईंनीच दिला! तुम्हीही लिहा.

अण्णा_मिशिगन: मी १९७१ ला आलो, १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने इंजिनियर डॉक्टरांना दार उघडलं त्या लाटेत. खिशात आठ डॉलर, तेवढेच न्यायला परवानगी असायची. डेट्रॉइटला ड्रॉइंग बोर्डावर काम. साहेबाला नुसत्या नावाने हाक मारायला जीभ रेटत नव्हती. त्यानेच थँक्सगिव्हिंगला घरी बोलावलं, मी शाकाहारी म्हणून त्याच्या बायकोने मक्याचं वेगळं काहीतरी केलं होतं, ते मी अजून विसरलो नाही. दिवाळीला आमची ही राईस क्रिस्पीजचा (इथले कुरमुऱ्यांसारखे सिरियल) चिवडा आणि बिस्क्विकचे (पॅनकेकचं तयार पीठ) गुलाबजाम करून द्यायची, डबा ऑफिसात दहा मिनिटांत रिकामा.

शेवंती: अण्णा, बिस्क्विकचं प्रमाण द्या ना प्लीज!!

रात्रपाळी: मी नर्स, मिरजेची, आता टेक्सासला. एनसीलेक्स, म्हणजे इथली नर्सच्या लायसन्सची परीक्षा पास झाले पण खरी परीक्षा वॉर्डात. पेशंटला दर वेळी विचारायचं दुखणं शून्य ते दहात किती, आणि लगेच कॉम्प्युटरवर चढवायचं, लिहिलं नाही म्हणजे केलंच नाही असं इथे धरतात. एक आजोबा कायम दोन सांगायचे, पण बेडची कड घट्ट धरलेली असायची, मी तेही लिहायचे. ख्रिसमसची ड्यूटी मी घेते, गणपतीत माझी एक फिलिपिनो मैत्रीण घेते, कित्येक वर्षं चाललंय. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

गोट्या७: गाडी शिका आधी गाडी. बाकी सगळं त्यानंतर.

विदर्भवीर: २०२३ च्या लेऑफमधे नोकरी गेली, एच-१ ह्या नोकरीच्या व्हिसावर ६० दिवसांत नवीन शोधायची नाहीतर गाशा गुंडाळायचा, त्यात पोरगा पहिलीत. ढोलताशा पथकातल्या एका दादाने त्याच्या मॅनेजरला रेझुमे पाठवला, सरावानंतर पार्किंग लॉटमधे रोज अर्धा तास मॉक इंटरव्ह्यू घ्यायचा. झालं काम. त्याचे उपकार फिटणार नाहीत.

शेवंती: बाप रे, वाचूनच पोटात गोळा आला. आमच्याकडे पण तेव्हा रोज ईमेल उघडायची धास्ती वाटायची.

अण्णा_मिशिगन: शेवंती, हिला विचारलं. मिल्क पावडर दोन वाट्या, बिस्क्विक एक, हेवी क्रीम लागेल तसं. मंद आचेवर तळ.

नवीनच_आलोय: न्यूजर्सीत एडिसनच्या आसपास रविवारची मराठी शाळा आहे का? मुलगी सहा वर्षांची आहे, बायकोलाही तिथे शिकवायला आवडेल.

गोट्या७: आहे ना, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. शिकवायला माणसं हवीच असतात, वहिनींना ह्याच रविवारी घेऊन या.