उत्तर: साइट बाहेरून उघडते, घरच्या वायफायवर नाही

घणसोलीकर, घरच्या सर्व्हरवर ठेवलेली तुमची साइट मोबाइल डेटावर उघडते, पण घरच्या वायफायवर नाही, असं तुम्ही विचारलंय. बाहेरून उघडते म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विनंती राउटरने आतल्या सर्व्हरकडे वळवणं) ठीक आहे. वर कोणीतरी सीजी-नॅटचा, म्हणजे इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांना एकच बाहेरचा पत्ता वाटून दिल्याचा, संशय घेतलाय, पण तसं असतं तर त्या फॉरवर्डिंगने बाहेरूनही काही दिसलं नसतं.

घोळ बहुधा परतीच्या वाटेत आहे. लॅपटॉप विनंती पाठवतो पब्लिक आयपीला (राउटरच्या बाहेरच्या पत्त्याला), राउटर ती आत सर्व्हरकडे वळवतो. सर्व्हर मात्र लॅपटॉप शेजारीच आहे हे बघून राउटरला वगळून थेट उत्तर देतो. विचारलं एकाला, बोललं भलतंच कोणी! लॅपटॉप ते उत्तर फेकून देतो. काही राउटर तर विनंती आत वळवतच नाहीत, स्वतःचं लॉगिन पान दाखवतात.

सेटिंगमध्ये 'नॅट लूपबॅक' किंवा 'हेअरपिन नॅट' (आतून आलेली विनंती आणि तिचं उत्तर दोन्ही राउटरमधूनच फिरवणारी सोय) असेल तर चालू करा. फायबरवाल्यांच्या राउटरमध्ये ते अनेकदा सापडतच नाही, म्हणून मी डीएनएसचाच (डोमेनच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचा) मार्ग धरेन. पाय-होलच्या (घरात चालवायच्या, जाहिराती अडवणाऱ्या डीएनएस सर्व्हरच्या) लोकल डीएनएसमध्ये तुमच्या डोमेनसमोर सर्व्हरचा १९२.१६८ वाला पत्ता घाला आणि तो पत्ता डीएचसीपीत (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या सेवेत) राखून ठेवा. डोमेन तेच राहिल्याने एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट, जे डोमेनच्या नावावर असतं, कुरकुरत नाही. नुसता आयपी टाकून उघडलंत तर कुरकुरेल.

तरीही एखाद्याच फोनवर अडलं तर अँड्रॉइडचं 'प्रायव्हेट डीएनएस' आणि क्रोमचं 'सिक्युअर डीएनएस' तपासा, दोन्ही पाय-होलला बगल देऊ शकतात. आणि बाहेर ४४३ (एचटीटीपीएसचं नेहमीचं पोर्ट), आत ८४४३ अशी पोर्टांची अदलाबदल केली असेल तर ती डीएनएसला कळत नाही, ते फक्त पत्ता सांगतं. सर्व्हरलाच ४४३ वर ऐकायला लावा.