मदत हवी आहे: चित्रावरचे पत्रे गळून पडून राहिले

जुनी_पेटी:
भंगारातले पत्रे, सायकलची चेन, संत्र्याच्या पेटीच्या फळ्या, जुन्या लग्नपत्रिका, असं सगळं जोडून मोठं चित्र करून राहिली. कागद, फळ्या मस्त बसल्या. पत्रे मात्र चिकटवले की गळतात. शनिवारी द्यायचं आहे. गोंद सांगा, लवकर.

खटपट्या:
आत्ता कोणता लावला? मागे प्लाय की कॅनव्हास?

ऊन_नागपुरी:
एमसील लावा, विषय संपला. आमची कूलरची टाकी त्याच्यावरच टिकून आहे.

रंगपेटी:
पिकासोनं १९४२ साली सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं होतं. जरूर बघा.

जुनी_पेटी:
बघितलंय. गोंद सांगा ना! प्लाय आहे. सुतारांचा पांढरा गोंद लावला, दुसरा कोणता लावणार?

खटपट्या:
तिथंच घोळ आहे. त्या गोंदातलं पाणी लाकूड न् कागद पिऊन घेतात. पत्रा पीत नाही. गळलेला तुकडा उलटा करून पाहा, कडेला कडक आणि मधे दुधासारखा ओला असेल. पत्रा पॉलिश पेपरनं घासा, थिनरनं तेल पुसा (खिडकी उघडी ठेवून), मग दोन ट्यूबवालं एपॉक्सी. रात्रभर आडवं राहू द्या. चेन मात्र प्लायला भोकं पाडून तारेनं बांधा.

रंगपेटी:
एपॉक्सी उन्हात पिवळं पडते.

खटपट्या:
पत्र्याच्या मागे कोणाला दिसणार आहे?

महालकर:
आमच्याकडे मारबतीच्या मिरवणुकीतले बडगे, म्हणजे मोठे पुतळे, बांबू, सुतळी, कागदावर उभे राहतात. धक्के खातात, काही होत नाही. हे एपॉक्सी-बिपॉक्सी काऊन पाहिजे?

ऊन_नागपुरी:
भाऊ, बडगे त्याच दिवशी जाळतात. ताईंना भिंतीवर टांगायचं आहे.

महालकर:
सुतळीनं पत्रा बांधता येत नाही का?

खटपट्या:
ताई, वाळवायला कुठं ठेवता?

जुनी_पेटी:
कूलरसमोर. पंख्यापेक्षा हवा जास्त लागते ना.

खटपट्या:
अहो, ती ओली हवा! गोंद वाळेल कसा? वरून पत्र्याला गंज.

जुनी_पेटी:
मला गंज पाहिजेच, रंग छान येतो.

खटपट्या:
मग गंजू द्या, पण समोरून. सुटा गंज ब्रशनं झाडून वर वार्निश मारा, नाहीतर हात लावणाऱ्याचे कपडे गेले. मागची बाजू घासलेलीच पाहिजे, गंजावर एपॉक्सी लावलं तर पापुद्र्यासकट निघतं.

संत्रानगरी:
चेन कुठून आणली? माझ्या सायकलची तुटली आहे.