कविता कानावर पडली तो दिवस: तुमचे अनुभव सांगा

मी नाशिकची. अकरा वर्षं झाली, लोकांसमोर उभी राहून कविता म्हणते. 'वाचते' नाही, म्हणते. गेली सात वर्षं दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत आमचा काव्यकट्टा भरतो. छापलेल्या कवितेबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. म्हटलेल्या आणि ऐकलेल्या कवितेबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही, म्हणून ही विनंती. तुम्ही कधी कविता म्हटली असेल, ऐकली असेल, कोणाला म्हणायला जागा करून दिली असेल, तर तो प्रसंग लिहा. तक्रार असली तरी चालेल, फक्त माणसांची आणि संस्थांची नावं नकोत.

माझा दिवस आधी सांगते. चौदा एप्रिलचा कार्यक्रम, समाजमंदिरापुढे मांडव. गायन पार्टीला उशीर झाला तसं मंडळातल्या एका दादांनी मला पुढे केलं, "तोवर तू म्हण काहीतरी." माझ्या हातात चार पानांची कविता. समोर बसलेल्या बायांना वामनदादा कर्डकांची गाणी तोंडपाठ. वामनदादा आमच्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२ चा. तरुणपणी मुंबईत आल्यावर अक्षरं शिकले आणि २००४ मध्ये गेले तोवर गावोगाव गात राहिले. त्या गाण्यांवर वाढलेल्या कानांपुढे मी कागदात तोंड घालून वाचत होते. दुसऱ्या पानावर बाया आपापसात बोलायला लागल्या. पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "बाई, ते मघाचं परत म्हण. पाण्याचं." मी म्हटलं. तिने पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी मागच्या दोघी-तिघी माझ्याबरोबर म्हणत होत्या. उरलेली अडीच पानं मी वाचलीच नाहीत.

वाचणाऱ्याला पान उलटून मागे जाता येतं, ऐकणाऱ्याला येत नाही. पोवाड्यात शाहिराची ओळ मागे साथ करणारे झीलकरी उचलतात ते नुसत्या सुरासाठी नाही, ती ओळ ऐकणाऱ्याच्या हाती पुन्हा यावी म्हणूनही. हे मला कुठल्या शिबिरात कळलं नाही, त्या म्हातारीने शिकवलं. आता तुम्ही सांगा.

*परळ, मुंबई*

ताई, माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. शिक्षण चौथीपर्यंत. घरात कवितेचं एकही पुस्तक नव्हतं, पण नारायण सुर्वे त्यांना पाठ होते, कारण त्यांनी ते ऐकले होते. सुर्वे कामगारांच्या सभांत कविता म्हणत. गिरणीकामगाराने फुटपाथवरून उचलून घरी आणून वाढवलेला हा माणूस, स्वतःही गिरणीत राबलेला. वडील म्हणायचे, "तो कविता म्हणत नाही, बाजूला बसून बोलतो." शाहीर अमर शेखांबद्दल ते वेगळंच सांगत. बार्शीच्या त्या माणसाचा आवाज असा पहाडी, की मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्यालाही शब्द ऐकू यायचा. एकाचं बोलणं, दुसऱ्याचं ललकारणं, आणि दोन्ही एकाच वस्तीत चालत होतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पुढे महिने गेले, पगार नाही. संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत पुरुष नुसते बसलेले असत. अशा एका संध्याकाळी वडिलांनी बसल्या बसल्या सुर्व्यांची कविता म्हटली. टाळ्या वगैरे काही नाहीत. शेजारचे काका फक्त म्हणाले, "हां." ते 'हां' मला अजून ऐकू येतं. मी आज बँकेत आहे, कविता लिहीत नाही. पण कट्ट्यांवर दाद द्यायची वेळ आली की 'क्या बात है' माझ्या तोंडून निघत नाही, 'हां' निघतं.

*अमरावती*

आमच्याकडे कविता आली ती गझलेतून. सुरेश भट अमरावतीचे, पुढे नागपूरला स्थायिक झाले. त्यांना मी एकदाच ऐकलं, अकरावीत असताना, शेवटच्या रांगेत उभं राहून. शेराची पहिली ओळ दोनदा म्हणायची, थांबायचं, आणि सगळं सभागृह दुसऱ्या ओळीची वाट बघू लागलं की मगच ती द्यायची. मुशायऱ्याची ही रीत मराठीत कानावर पडली आणि मी सुन्न होऊन घरी आलो. रदीफ, म्हणजे प्रत्येक शेराच्या शेवटी तोच येणारा शब्द, तिसऱ्या शेरापासून लोकच पुरी करत होते.

पण मला त्यांचं दुसरं काम जास्त मोठं वाटतं. नव्याने गझल लिहू पाहणाऱ्यांसाठी त्यांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली. मतला म्हणजे काय, काफिया, म्हणजे यमक, कुठे चुकतो, वृत्त कसं सांभाळायचं, सगळं सरळ भाषेत. स्वतः इतक्या उंचीवर असलेल्या कवीने गावोगावच्या होतकरू पोरांना हिशोब शिकवावा तशी गझल शिकवली. माझ्याकडे तिची झेरॉक्स होती, घड्यांवर फाटलेली. आज मी दर रविवारी सहा-सात मुलांना त्याच क्रमाने शिकवतो. पहिले दोन महिने लिहायचं नाही, फक्त मात्रा मोजत मोठ्याने म्हणायचं.

*पुणे, विद्यार्थिनी*

मी बोलताना अडते. 'क' आणि 'प' वर जास्त. वर्गात हजेरीला 'उपस्थित' म्हणता येत नाही म्हणून हात वर करते. एका कॅफेतल्या ओपन माइकला नाव दिलं होतं. म्हणणाऱ्याकडूनच २९९ रुपये, वेळ तीन मिनिटं, व्हिडिओ हवा असेल तर त्याचे वेगळे पैसे. तिसऱ्या ओळीला 'पाऊस' वर अडले. समोर कोणीतरी मोबाइल धरून होतं. तीन मिनिटं संपल्याचा दिवा लागला तेव्हा माझी निम्मी कविता पोटातच होती. त्यानंतर वर्षभर कुठे गेले नाही.

मग मैत्रिणीने एका घरगुती कट्ट्यावर नेलं. पंधरा माणसं, सतरंजी. तिथल्या एका काकांनी, ते भजनात पखवाज वाजवतात, सांगितलं की मांडीवर बोटाने ठेका धर आणि ठेक्यावर शब्द सोड. बोलताना अडणारी माणसं लयीत म्हणताना बरेचदा अडत नाहीत, हे मला स्पीच थेरपिस्टनेही सांगितलं होतं. पण थेरपीच्या खोलीत ऐकायला कोणी नसतं ना. त्या दिवशी कविता पूर्ण झाली. दोनदा अडले, पण कोणी शब्द पुरवला नाही. अडणाऱ्याला शब्द पुरवू नका, ही एवढी एक विनंती मला सगळ्या संयोजकांना करायची आहे. थांबा फक्त.

*नाशिकहून पुन्हा मी*

बाळा, तुझं वाचून गप्प झाले. आमच्या कट्ट्यावर वेळ संपल्याची घंटा आहे आणि ती मीच आणली. कारण सांगते. पहिल्या वर्षी एक ज्येष्ठ कवी यायचे, चाळीस मिनिटं घ्यायचे, आणि कॉलेजची मुलं शेवटची बस गाठायला न म्हणताच निघून जायची. घंटा आल्यावर त्या मुलांना वेळ मिळाला. पण तुझ्यासारख्या मुलीसाठी तीच घंटा भिंत होते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. या महिन्यापासून घंटा दुसऱ्या कवितेला. पहिली कविता ज्याची त्याने आपल्या वेगाने म्हणायची.

*विदर्भ-मराठवाडा, कार्यक्रम करणारा*

मानधनाचं कोणीतरी बोललंच पाहिजे. गेल्या हिवाळ्यात एका मोठ्या कार्यक्रमासाठी दोनशे किलोमीटर गेलो, बरोबर ढोलकीवाला. मांडववाल्याचे पैसे आगाऊ दिलेले, जेवणाचे दिलेले. आम्हाला शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह. एस. टी. चं भाडं मी ढोलकीवाल्याला खिशातून दिलं. घरी अशा अठरा शाली आहेत. मोठ्या संमेलनांत निमंत्रितांचं कविसंमेलन वेगळं आणि कविकट्टा वेगळा असतो. कविकट्ट्यावर शेकडो माणसं स्वखर्चाने येतात, त्याचं मला वाईट वाटत नाही, ते उघडं दार आहे आणि ते असलंच पाहिजे. पण ज्याला तुम्ही बोलावता, ज्याचा फोटो पत्रिकेत छापता, त्याचा प्रवासखर्च आधी ठरवा. आता मी फोनवरच विचारतो. चार जणांनी त्यानंतर फोन केला नाही. पाचव्याने दोघांचंही भाडं पाठवलं.

*फोंडा, गोवा*

थोडक्यात लिहितो. आमच्या बोरीचे बा. भ. बोरकर कविता गाऊन म्हणत. कोकणी असो की मराठी. माझ्या आजोबांनी ऐकलेली चाल आजोबांकडून बाबांकडे, बाबांकडून माझ्याकडे आली. ती मूळ चालीच्या किती जवळ राहिली असेल देव जाणे, पण छापील पानावर ती कविता वाचताना मला चालीशिवाय वाचताच येत नाही.

*जळगाव जिल्हा, प्राथमिक शिक्षिका*

दर २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाला आमच्या शाळेत मुलं बहिणाबाईंची कविता म्हणतात. बहिणाबाई इथल्याच, जळगावजवळच्या आसोद्याच्या. स्वतः लिहू-वाचू शकत नव्हत्या, शेतात-घरात काम करताना ओव्या रचत, त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, त्या टिपून ठेवल्या आणि बहिणाबाई गेल्यावर १९५२ मध्ये पुस्तक आलं. म्हणजे ही कविता जन्मली ती तोंडातच. आणि आम्ही काय करत होतो? मुलांचे उच्चार 'सुधारून' घेत होतो. ज्यांच्या घरात लेवा गणबोली बोलली जाते त्यांना ती कविता पुण्याच्या सुरात म्हणायला लावत होतो. मीही तेच केलं, सहा वर्षं.

सातव्या वर्षी एका मुलाची आजी त्याला न्यायला लवकर आली, दारात उभी राहिली, आणि मुलगी म्हणत असलेली ओळ ऐकून म्हणाली, "असं नही म्हनत पोरी." आत बोलावलं. तिने म्हणून दाखवलं. मुलं हसतील असं मला वाटलं होतं. एकही हसलं नाही. ते त्यांचंच बोलणं होतं, फक्त शाळेत पहिल्यांदा ऐकलेलं. पुढच्या वर्षीपासून कार्यक्रमाला चार आज्या येतात. त्यातल्या एकीने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, तासभर, थांबायचं नाव नाही. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखावर ओव्या गोळा केल्या असं वाचलं होतं. त्या दिवशी तो आकडा मला खरा वाटला. अडचण एवढीच, की आज्यांना फार वेळ उभं राहवत नाही आणि शाळेचा माइक उभ्या माणसाच्या उंचीचा. मग एक मुलगा तासभर हातात माइक धरून त्यांच्यापुढे बसतो.

*नाशिक, साउंडवाला*

मी ताईंच्या कट्ट्यावर साउंड लावतो. लग्नं, जयंत्या, गणपती, सगळं करतो, तीस वर्षं झाली. कविता लिहीत नाही, पण ऐकल्या असतील हजारो. म्हणणाऱ्यांनी दोन-तीन गोष्टी पाळल्या तर बरं होईल. माइकवर फुंकर मारू नका, टकटक करू नका, नुसतं नाव सांगा, मला आवाज जुळवता येतो. तोंड आणि माइक यांच्यात एक मूठ अंतर ठेवा. कागद माइकच्या आड धरू नका, बाजूला धरा, नाहीतर निम्मे शब्द कागदालाच ऐकू जातात. 'प', 'फ', 'भ' जोरात असले की मान जराशी वळवा. शिट्टी आली तर घाबरून मागे पळू नका, ती बंद करणं माझं काम आहे. आणि कविता सुरू व्हायच्या आधी पंखे बंद करायला सांगत जा. उकडतं, पण हळू आवाजाचा माणूस मागपर्यंत पोचतो.

पुण्याच्या ताईने लिहिलंय ते वाचलं. ती नाशिकला आली तर मी माइक चालू ठेवीन, तिचं होईपर्यंत.

आणि जळगावच्या बाईंचं वाचून एक सुचलं. माझ्याकडे बुटका स्टँड आहे, तबल्यासाठीचा. या दुसऱ्या शनिवारी उंच आणि बुटका दोन्ही स्टँड आणतो. बसून म्हणणारं कोणी असेल तर ताईंना आधी कळवा.