सर्जनच्या ओपीडीत दुसरा सर्जन बसवला तर?

कास्तकार_पुसद: बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं मागच्या महिन्यात, डॉक्टरचा हात चांगला, तक्रार नाही. पण आधी सांगितलं काय तर "जाळी टाकू, सही करा". बाबा रातभर जागे, पोटात कोंबड्याच्या खुराड्याची जाळी बसवतात वाटलं त्यांना. म्हणून म्हणतो, दुसऱ्या सर्जननं कोपऱ्यात बसून पाहावं अन् नंतर दोघातच सांगावं की बाप्पा, तू पेशंटकडं पाह्यलंच नाही. अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे, वडील आपल्या उमरखेडकडल्या उटीचे, त्यांनी रिटायर झालेल्या सर्जनला आपलं ऑपरेशन पाहायला बोलावलं होतं, २०११ मध्ये लिहिलंय त्यांनी.

तालुक्याचा_सर्जन: गावंड्यांनी बोलावलं ते हाताच्या कामासाठी, बोलणं सुधारायला नाही. आमच्या तालुक्यात सर्जन दोनच, दुसऱ्याचं हॉस्पिटल रोडच्या पलीकडं. तो माझ्याकडं येऊन बसला तर संध्याकाळी पानठेल्यावर माझीच चर्चा. अन् बाजाराच्या दिवशी ऐंशी नंबर असतात, कोणाकोणाला जाळी समजावू?

सिस्टर_आर्णी: साहेब, बाजाराचा दिवस सोडून करा, पेशंटला विचारून, चार-पाच पेशंटपुरतं. ही काही परीक्षा नाही, काय पाहायचं ते तुम्हीच आधी ठरवायचं. तुम्ही "समजलं का" विचारता, माणूस "हाव" म्हणतो अन् बाहेर येऊन मला विचारतो, "सिस्टर, काय म्हणले ओ साहेब?" त्यापेक्षा "घरी काय सांगाल?" असं विचारलं की किती समजलं ते तिथंच कळते. एमबीबीएसच्या पोरांना २०१९ पासून बोलणं-वागणं अभ्यासक्रमातच आहे, तुमच्या वेळी नव्हतं, त्यात लाजायचं काय.

वऱ्हाडी_बाणा: मले त नाई पटत. माय म्हणते पोटात आग पडते, पुण्याचा सर्जन विचारते "वेदना नेमकी कुठे?" कोपऱ्यातला बी पुण्याचाच असला त काय शिकवन तो? सिस्टरलेच बसवा.

तालुक्याचा_सर्जन: सिस्टरनं चूक दाखवली तर सर्जन ऐकत नाही हो, मी माझंच सांगतो. अकोल्याला बॅचमेट आहे, त्याच्याशी धंद्याची टक्कर नाही, त्याला एकदा बोलावून पाहतो. बाकी ऐंशी नंबरचं उत्तर अजून कोणी दिलं नाही. जाळी प्लास्टिकच्या धाग्याची असते, तिचा तुकडा टेबलावर ठेवतो उद्यापासून.

कास्तकार_पुसद: ठेवाच डॉक्टरसाहेब. बाबा अजूनही पोटाला लोहचुंबक लावून पाहतात.