व्होल्वो २१० ला बाहेरून आलेला जुना पंप घालावा का? गोव्यातल्या मशीनवाल्यांनी सांगा

डिचोलीवाला
नमस्कार मंडळी. माझ्याकडे व्होल्वोचा ईसी २१०बी पोकलेन आहे, मीटर १३,४०० तास. सकाळी थंड असताना मशीन बरे चालते. अकरा वाजले, तेल तापले की बूम उचलायला वेळ लावते आणि चढणीला डावी चेन मागे राहते, मशीन तिरके जाते. फिटर म्हणतो मेन पंप (सगळ्या मशीनला तेलाचा दाब देणारा) गेला, नवा घाला. कंपनीचा भाव ऐकल्यापासून झोप नाही. मुंबईचा एक व्यापारी जपानहून आलेला जुना पंप त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात देतो म्हणतो. फोटोत पंप अगदी नवाकोरा दिसतो, ताजा रंग मारलेला. निम्मे पैसे आगाऊ मागतो.

साखळीकडे व्हाळातला गाळ काढायचे काम घेतले आहे, ते पाऊस लागायच्या आत संपवायचे आहे. मशीनचे आठ हप्ते राहिले आहेत. असा माल कोणी घेतला आहे का? कुणाकडून घ्यावा, घेताना काय बघावे?

सांगेकर
दादा, मुंबईला कशाला जाता? २०१२ ला खाणी बंद पडल्या, मध्ये सुरू झाल्या, परत मार्च २०१८ ला बंद. सांवर्डे, कुडचडे भागात तेव्हापासून उभी असलेली मशिने मालक खोलून विकतात. डोळ्यांनी बघून घेता येते.

उसगावचा मेस्त्री
सांगेकर, बूम, बकेट, काउंटरवेट, केबिनचे दरवाजे हे सगळे तिथून खुशाल घ्या, मी स्वतः घेतले आहेत. पंप घेऊ नका. पाचसहा पावसाळे उघड्यावर उभ्या राहिलेल्या मशीनच्या टाकीत पाणी धरते. पंपाच्या आतल्या आरशासारख्या तोंडांवर गंजाचे बारीक ठिपके पडतात. बाहेरून काही कळत नाही, आणि असा पंप आठवडाभरही टिकत नाही.

डिचोलीवाले, पंप कुठून घ्यावा ते नंतर. आधी तुमचा पंप खरेच गेला आहे का ते बघा. मी तीस वर्षे हेच काम करतो आणि चांगले पंप उतरवून भंगारात गेलेले पाहिले आहेत.

आधी ऑइल कूलर बाहेर काढून धुवा. आपल्याकडची लाल माती जाळीत बसली की वारा जात नाही. तेल तापते, पातळ होते, आणि मग धडधाकट पंपही ढिला वाटतो.

त्यानंतर होज, म्हणजे दाबाचे तेल नेणाऱ्या नळ्या, अदलाबदल करून बघा. तुमच्या मशीनला कावासाकीचा के३व्ही११२डीटी पंप आहे. एकाच अंगात पुढे-मागे दोन पंप, प्रत्येकी फेऱ्याला ११२ सीसी. इंजिन बंद करून टाकीतला दाब सोडा आणि दोन्ही पंपांच्या डिलिव्हरी होज कंट्रोल व्हॉल्व्हपाशी अदलाबदल करा. आता उजवी चेन मागे राहिली तर दोष पंपात. तरीही डावीच राहिली तर पंपाला हात लावू नका, दोष पुढे आहे: व्हॉल्व्ह, सेंटर जॉइंटची (वरच्या फिरत्या भागातून खाली तेल नेणारा सांधा) सीले किंवा चेन फिरवणारी ट्रॅव्हल मोटर. अर्ध्या दिवसाचे काम, खर्च फक्त ओरिंगचा.

पायलटचे (लिव्हर ओढल्यावर व्हॉल्व्ह हलवणाऱ्या तेलाचे) प्रेशरही गेज लावून बघा. ते पडले असले तरी सगळे मशीन आळशी होते, आणि दुरुस्ती स्वस्तात होते.

मोपाकडचा
मेस्त्रीबाब अगदी बरोबर बोलले. माझे चुकले ते सांगतो, म्हणजे दुसऱ्याचे चुकणार नाही. माझा हिताची ईएक्स २००. व्यापाऱ्याला फोनवर "ईएक्स २०० चा पंप हवा" एवढेच बोललो. पैसे भरले, पंप आला, क्रेन लावून चढवायला गेलो तर बसेना. माझे मशीन डॅश ५ (नावापुढचा आकडा, मॉडेलची आवृत्ती), त्याला एचपीव्ही १०२ लागतो. आलेला एचपीव्ही ०९१, म्हणजे डॅश २ आणि ३ चा. व्यापारी म्हणाला, तुम्ही डॅश सांगितलाच नाही. परत घेतला, पण भाडे माझ्या अंगावर पडले आणि मोपाच्या रस्त्याचे काम दुसऱ्याने नेले. मशीनचे नाव सांगून कधीच माल मागू नका. पंपावरच्या नंबराच्या पट्टीचा फोटो पाठवा आणि त्याच्या पट्टीचा मागवा.

उसगावचा मेस्त्री
पट्टीचे तुमच्या पंपाला दुप्पट लागू आहे, डिचोलीवाले. के३व्ही११२ ह्युंदाईत आहे, कोबेल्कोत आहे, व्होल्वोत आहे. म्हणून व्यापारी म्हणतात, "एकच पंप, कुठलाही चालतो." अंग एकच, पण वरचा रेग्युलेटर (पंपाने किती तेल द्यायचे ते ठरवणारा) मशीनप्रमाणे वेगळा, शाफ्टचे दाते वेगळे, मागचा पायलटचा गिअर पंपही वेगळा असू शकतो. तुमचा रेग्युलेटर चांगला असेल तर तोच नव्या अंगावर चढवायचा. रंग मारून पट्टीच काढून टाकलेली असेल तर तो पंप सोडून द्या. ताज्या रंगाखाली भेग लपते आणि वेल्डिंगही लपते.

पंप समोर आला की पोर्ट, म्हणजे तेलाची तोंडे, बघा. सगळ्या तोंडांना घट्ट झाकणे आणि आत तेल असेल तर साठवणारा माणूस जाणता आहे. न्हावाशेवाला उतरून महिनोन् महिने उघड्या तोंडाने गोदामात पडलेला पंप आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत आतून गंजतो.

खोलून दाखवायला तयार असेल तर पिस्टन बसतात त्या बॅरलच्या तोंडावर आणि त्याला टेकणाऱ्या व्हॉल्व्ह प्लेटवर नख फिरवा. नख अडकले की ओरखडा खोल आहे. मग एकेक पिस्टन हातात धरून त्याच्या टोकाचा शू ओढून बघा. नवा असताना तिथला खेळ ०.१ मिमीच्या आत असतो, ०.३ झाला की बाद. हे बोटालासुद्धा कळते. मी डोळे मिटून बघतो, कान आणि बोट दोन्ही लागतात. टक् असा आवाज आला तर तो पंप घेऊ नका.

खोलायला नकार असेल तर टेस्ट बेंच, म्हणजे पंप मशीनबाहेर चालवून तपासायची सोय. बेळगावात हायड्रॉलिकची कामे करणारे बरेच आहेत, चोर्ला घाटाने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. बेंचवर ३३० ते ३५० किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) दाब देऊन ड्रेनच्या (आत गळलेले तेल बाहेर नेणाऱ्या) नळीतून किती तेल येते ते बघायचे. पंप झिजलेला असेल तर दाब वाढवताना ड्रेन धो धो वाहतो. तेल आधी तापवून घ्यायला सांगा, थंड तेलावर झिजलेला पंपही पास होतो.

वास्को क्लिअरिंग
मी आयातीच्या कागदांचे काम करतो, म्हणून त्याबद्दल लिहितो. २०२३ च्या परदेश व्यापार धोरणात परिच्छेद २.३१ आहे. रिकंडिशन केलेले मशिनरीचे सुटे भाग आणता येतात, पण मूळ भागाच्या आयुष्याच्या किमान ८० टक्के आयुष्य शिल्लक आहे असा चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला लागतो. व्यापारी खरा आयातदार असेल तर त्याच्याकडे तो दाखला आणि बिल ऑफ एंट्रीची (कस्टमला भरलेल्या आयातीच्या कागदाची) प्रत असते. त्याने दुसऱ्याकडून घेतला असेल तर निदान त्याचे खरेदीचे बिल असते. दोन्हीतले काहीच नाही आणि "जपानचा माल आहे, विश्वास ठेवा" असे म्हणतो, तर तो माल इथल्याच एखाद्या मोडीत काढलेल्या मशीनचा असू शकतो.

दाखल्यावर भरवसा ठेवून पंप बसवू नका मात्र. तो पूर्ण खेपेसाठी असतो, तुमच्या एका पंपाचे पोट कोणी उघडून बघितलेले नसते. दाखल्याने माल कुठून आला ते कळते, तो कसा आहे ते बेंच सांगते.

बिल पक्के घ्या. १८ टक्के जीएसटीचे क्रेडिट तुम्हाला मिळते, कच्च्या पावतीत वाटणारी बचत तिथेच निघून जाते. ५० हजारांच्या वरचा माल राज्याबाहेरून येताना ई-वे बिल लागते, नाहीतर गाडी हद्दीवर अडते. वॉरंटी तोंडी घेऊ नका, बिलावरच लिहून घ्या: बसवल्यापासून किती दिवस, आणि बिघडल्यास पैसे परत की बदली माल.

सत्तरीचा ऑपरेटर
विषय निघालाच आहे तर विचारतो. स्विंगचे (ज्यावर वरचे मशीन फिरते ते) बेअरिंग जुने घ्यावे का? आणि खालची चेन, रोलर?

उसगावचा मेस्त्री
चेन, रोलर, स्प्रॉकेट जुने घेऊ नका. आपली जांभ्या दगडाची जमीन सहाणेसारखी घासते, अर्धी झिजलेली चेन वर्षही काढत नाही. होज, सीले नवीच घ्यायची. मॉनिटर आणि कंट्रोलर आपल्याच मशीनवर लावून बघितल्याशिवाय नको. बेअरिंग चालेल, दाते पूर्ण फिरवून बघा. बसवताना रिंगवर "एस" अशी खूण असते, तो मऊ राहिलेला भाग. तो बूमच्या रेषेत किंवा मागे काउंटरवेटखाली येऊ देऊ नका, बाजूला ठेवा.

डिचोलीवाला
सर्वांचे मनापासून आभार. कूलर धुतला, लाल चिखलाचा थर निघाला. तेल कमी तापू लागले, पण चढणीला डावी चेन मागेच. मग होज बदलल्या. उजवी मागे राहायला लागली. म्हणजे पंपच.

मुंबईवाल्याकडे पट्टीचा फोटो मागितला. आज देतो, उद्या देतो करत राहिला. त्याला सोडले. चेन्नईच्या एकाने पट्टीचा फोटो, खरेदीचे बिल आणि तोंडांना झाकणे लावलेल्या पंपाचा व्हिडिओ लगेच पाठवला. थोडे आगाऊ, बाकी बेळगावच्या बेंचवर पास झाल्यावर, हे त्याने मान्य केले. मुंबईपेक्षा महाग पडतो, पण घेतो. बसवताना अजून काय सांभाळू?

उसगावचा मेस्त्री
आता सगळ्यात महत्त्वाचे. जुना पंप झिजला म्हणजे त्याचा पितळी कीस कुठेतरी गेला आहे. टाकी रिकामी करून आतून पुसून काढा, सक्शनची जाळी धुवा, सगळे फिल्टर नवे, कूलर आणि लाइन फ्लश करा. एवढे न करता चढवलेले नवे पंपही मी आठवड्यात गेलेले बघितले आहेत. आणि सुरू करण्याआधी पंपाच्या ड्रेनच्या तोंडातून तेल भरा. कोरडा पंप एक मिनिट फिरला तरी संपला.

डिचोलीवाला
उशिरा लिहितो, काम चालू होते. बेळगावला मी स्वतः गेलो. तेल तापेपर्यंत थांबलो, दाब ३४० वर नेला, ड्रेनची धार करंगळीएवढीच राहिली. बाकीचे पैसे तिथूनच पाठवले. रेग्युलेटर माझाच चढवला. टाकी धुताना तळाशी पितळेची चकाकणारी भुकटी सापडली, मेस्त्रीबाब म्हणाले होते तशीच.

पन्नास तासांनी रिटर्न फिल्टर कापून पांढऱ्या कापडावर पसरला, कापड स्वच्छ. चढणीला मशीन सरळ जाते. व्हाळाचे काम पहिल्या पावसाच्या चार दिवस आधी संपले. जुना पंप विकला नाही. त्याची पुढची बाजू आणि शाफ्ट चांगले आहेत, तेल भरून, तोंडे बंद करून शेडमध्ये ठेवला आहे.