ब्लेंडेड जपानी व्हिस्की म्हणजे भेसळ का? आणि प्यायची कशी?

गुहागरचा_किनारा
मंडळी, धाकटा भाऊ बोटीवर असतो, परवा सुट्टीवर आला तेव्हा जपानहून हिबिकीची बाटली घेऊन आला, २४ पैलूंची, उजेडात धरली की नुसती चमकते. काका बघून म्हणाले, ब्लेंडेड म्हणजे मिसळलेली, सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीची, नुसत्या मोड आणलेल्या बार्लीची) तरी आणायचीस, झालं, भावाचं तोंड एवढंसं झालं. एवढ्या प्रेमाने आणलीय तर नीट समजून प्यावी असं वाटतंय. ब्लेंड म्हणजे नक्की काय करतात?

मालवणी_तिखट
काकांना विचारा, मालवणी मसाल्यात एवढे जिन्नस पडतात त्याला भेसळ म्हणतात का? धणे वेगळे भाजायचे, मिरची वेगळी, मग एकत्र कुटायचं. हिबिकीत यामाझाकी आणि हाकुशू या डिस्टिलऱ्यांचा माल्ट, म्हणजे बार्लीची व्हिस्की असते नि चिता नावाच्या डिस्टिलरीची ग्रेन व्हिस्की, ती मुख्यतः मक्याची. ग्रेन म्हणजे भर घातलेली नव्हे हो, आमटीत नारळाचा रस जे काम करतो ते तिचं, सगळ्यांना धरून ठेवते. स्कॉटलंडात कंपन्या एकमेकांशी पिंपं अदलाबदल करतात, जपानात तशी पद्धत नव्हती, म्हणून एकाच डिस्टिलरीत वेगवेगळ्या आकाराची तांब्याची भांडी, वेगवेगळी पिंपं, सगळं घरातच करायला लागलं. माझ्या मते खरी कारागिरी तिथेच आहे.

पडवीतला_माणूस
वरच्यांशी सहमत. आधी नुसती घ्या, चमचाभरच, ग्लासात नाक खुपसू नका, जरा लांबूनच वास घ्या. मग साध्या पाण्याचे चार थेंब टाका आणि ग्लास उजेडात धरा, तेलासारख्या तारा सुटताना दिसतात, त्यानंतर वास एकदम मोकळा होतो. त्या वासात मिझुनाराच्या पिंपाचाही वाटा असतो, मिझुनारा म्हणजे जपानी ओक, युद्धाच्या काळात बाहेरची पिंपं मिळेनात म्हणून तो वापरायला लागले, लाकूड गळकं, पण वर्षानुवर्षं मुरलं की चंदन येतं. मला पहिल्यांदा तो वास आला तेव्हा आजीची सहाण आठवली, ओलं गंध उगाळताना येतो ना, अगदी तोच. आपल्या उकाड्यात मिझुवारी पण छान लागते, भरपूर बर्फ, एक भाग व्हिस्की, दोन-अडीच भाग पाणी, आणि नीट ढवळायचं. फक्त तिखट सुरमई नंतर खा, जीभ पोळली की काही कळत नाही.

देवगड_हापूस
एक सांगतो, पुढच्या वेळी लेबल बघून घ्या. तिकडच्या उत्पादक संघटनेने २०२१ मध्ये नियम केले, जपानी व्हिस्की म्हणायचं तर पाणी तिथलं, गाळायची तिथेच, लाकडी पिंपात किमान ३ वर्षं तिथेच मुरवायची आणि बाटलीतही तिथेच भरायची. पण नियमात न बसणारी वाईटच असते असं नाही, निक्का कंपनीची ‘फ्रॉम द बॅरल’ ही ब्लेंडेड व्हिस्की बसत नाही, कंपनी स्वतःच तसं सांगते, ५१.४ टक्के अल्कोहोलची आहे, मिसळल्यावर परत पिंपात मुरवतात, आणि मला प्रचंड आवडते.

गुहागरचा_किनारा
खूप आभार सगळ्यांचे. भावाला हे सगळं वाचून दाखवलं, आज रात्री काकांनाही बोलावलंय. उरलेली बाटली इथल्या दमट हवेत टिकेल ना?

पडवीतला_माणूस
टिकते, उभी ठेवा आणि उन्हापासून लांब. आडवी ठेवलीत तर बूच खराब होतं. अर्ध्याखाली गेली की मात्र फार महिने ठेवू नका, वास उतरतो.